फायरमनचं फडकं

रोज सकाळी मी डोक्याला एक फडकं बांधते आन् मंग भट्टीपुढं बसते. दोन वर्षं झाली आता. पदर न्हाई, स्कार्फ न्हाई, फडकंच. मांजरपाटाचं हाय, धुऊन धुऊन पार मऊ पडलेलं, कवातरी निळं व्हतं म्हनं, आता राखेचा रंग आलाय त्याला. ते आमच्या आबांचं. आबा म्हंजी माझ्या सासूबाईंचे वडील. त्यांना लेक येकच, मुलगा न्हाई, म्हनून म्हातारपनी धर्मापुरीचं घर बंद करून ते लेकीकडं आले, म्हंजी आमच्याकडं, तेलगावच्या शेजारच्या खेड्यात. कोळशाच्या इंजनावर फायरमन व्हते ते. परळीकडच्या लाईनीवर जवा गाड्या धूर सोडत यायच्या, तवा इंजनाच्या पोटात फावड्यानं कोळसा टाकायचं काम त्यांचं, आन् ते करताना डोक्याला बांधायचं हे फडकं.

इंजनावरच्या म्हाताऱ्याचं फडकं सुनेच्या डोक्यावर कसं आलं, हे बाजारात लई जन इचारत्यात. भट्टीपुढून सांगता येत न्हाई, सांगत बसलं की कढई करपती. म्हनून हितं लिहिते. शाळा सातवीपतोरच झाली माझी, पुढचं मागं आन् मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

मला पहिल्यापास्नं भेव लई. जीपमधी कडंला बसायचं भेव, विहिरीत वाकून बगायचं भेव, कुकरची शिट्टी व्हायला आली की मी बाहेर जाऊन हुबी राहायची. पन ती सगळी भेवं खेळातली वाटावीत आसं एक भेव मला उसाच्या फडात लागलं. लेक पाच महिन्यांची व्हती. आमी दोघं नवरा-बायको ऊस तोडायला गेलतो, कोयता म्हंजी जोडीच आसती नवरा-बायकोची, एकट्या गड्याला कोन कोयता म्हनत न्हाई. लेकीला मी ट्रॉलीच्या सावलीला गोधडीवर झोपवलं व्हतं. सगळ्याच बाया आसंच झोपवत्यात. मी मोळी बांधत व्हते, आन् ट्रॅक्टर चालू झाल्याचा आवाज आला. मी पळाले. कशी पळाले मला ठाऊक न्हाई, पायात चप्पल न्हवती. पोचले तवर ट्रॅक्टर थांबला व्हता. लेक झोपलेलीच व्हती, अंगठा तोंडात. आन् तिच्या पायापास्नं इतभर अंतरावर गोधडीच्या काठावर चाकाची नक्षी उठली व्हती.

ती नक्षी धुऊन निघाली न्हाई. किती येळा सोड्यात टाकली, न्हाईच निघाली.

पुढचा दसरा जवळ आला तशी माझी झोप गेली. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येनार, सगळा गाव निघनार. लेक आता चालायला लागलेली, एका जागी ठरत न्हवती, फडात तिला कुठं बांधू? आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, म्हनल्या, "ठेव की माझ्यापाशी. माझं गुडघं गेलंय, हात न्हाई गेले." पन ती आजून प्यायची अंगावर. सहा महिने तिला सोडून जायचं म्हनलं की माझं दूधच आटल्यावानी व्हायचं. घेऊन बी जायचं न्हवतं, सोडून बी जायचं न्हवतं.

मी ह्यांना म्हनलं, "मी न्हाई येत ह्या बारीला."

हे जेवत व्हते. घास वापस ताटात ठेवला. मंग म्हनले, "चुलतभावाची बायको बाळंतपनाला माहेरी चाललीय. तो बी एकटाच हाय. आमी दोघं गडी मिळून एक कोयता करू, मुकादमाला मी सांगतो. पन तू नुसती घरी बसून न्हाई जमायचं, तुला ठाऊक हाय. हिकडं काम धर काहीतरी, पक्कं. दिवाळीच्या आत धर. न्हाई धरलं तर चल मंग गुमान."

"धरते."

"कुठं?"

"धरते म्हनलं ना!" म्हनलं खरं, पन कुठं ते मला बी ठाऊक न्हवतं.

तेलगावच्या बाजारात फुटाण्याची भट्टी हाय. एक काकू चालवत्यात, त्यांचा नवरा गेल्यापास्नं एकट्याच. मी गेले आन् बाजूला हुबी राहिले, त्यांनी तीन गिऱ्हाईकं काढली तवर काही बोललेच न्हाई.

"फुटाणे पायजेत का वारा खायला आलीस?"

"काम पायजे व्हतं काकू."

त्यांनी मला वरपास्नं खालपतोर बगितलं. "येवढा पदर कशाला वढलाय? घरात सासरा हाय का हितं कढईत?"

"सवय हाय."

"सवय हाय म्हनूनच नगं. माझ्याकडं व्हती एक पोरगी, पदरानं पेट घेतला तिच्या. कानाच्या पाळीवर निभावलं. पदरवाली नगं मला, भाकरी करायला बस जा कुनाच्या."

"डोकं नीट बांधून यीन."

"कशी बांधशील?"

"नीट."

"ये उद्या," काकू म्हनल्या. "बगू तुझं नीट."

आता मला वाटलं, नीट म्हंजी चांगलं. माझ्याकडं एक स्कार्फ व्हता, भावानं भाऊबीजेला दिलेला, जांभळा, चमकनारा, स्कुटीवरच्या पोरी बांधत्यात तसला. तो मी पेटीत जपून ठेवलेला. सकाळी उठून तो बांधला, सुटू नये म्हनून चार पिना टोचल्या, एक कानाशी, एक हनुवटीखाली, दोन मागं. आरशात बगितलं. कामावर चाललेली बाई दिसत व्हते मी.

भट्टीत पऱ्हाट्या जाळत्यात, कापसाच्या वाळक्या काड्या. त्यांच्यावर कुठंकुठं बोंड राहिलेलं आसतं, ते पेटलं की तडातडा उडतं. कढईत काळी वाळू तापलेली, तिच्यात हरभरं टाकायचं, झाऱ्यानं हालवायचं, फुटलं की चाळनीत काढायचं. मला ते जमत बी व्हतं. काकू बगत व्हत्या, काही बोलत न्हवत्या, म्हंजी बरं चाललं व्हतं. आन् एक बोंड उडालं.

स्कार्फ पेटला न्हाई. वितळला. डोक्याला चटका बसला आन् मी वढायला गेले तर तो केसाला चिकटलेला, पिना निघंनात, एक पिन बोटात घुसली. मी आरडले. काकूंनी शेजारचं पातेलं उचललं आन् सगळं माझ्या डोक्यावर वतलं. त्यात हरभरं भिजवायचं हळद-मिठाचं पानी व्हतं.

"प्लास्टिक बांधून आलीस गं माझ्या भट्टीपुढं!" काकू वरडत व्हत्या, आन् वरडता वरडता माझ्या पिना काढत व्हत्या. "नट्टापट्टा करून आली! लग्नाला आलीस का?"

"काकू, एकदा आजून."

"चल नीघ."

"एकदाच. माझी लेक..." मंग मी सगळं सांगितलं, चाकाचं, गोधडीचं, एका दमात, मधी श्वास बी घेतला न्हाई. काकू शेवटची पिन हातात घेऊन हुब्या व्हत्या.

"पुढच्या बाजारला दोन भट्ट्या पेटवायच्या हायेत," त्या म्हनल्या. "दिवाळीचा बाजार हाय. मानूस लागंल. डोकं बांधून दारात हुबी राहा, मी बगीन. मला पटलं तर आत. न्हाई पटलं तर दारातूनच वापस, रडायचं न्हाई."

घरी आले तर वाटंनं बाया इचारायल्या, "आगं, पुन्ना हळद लागली का काय तुला?" मी पिवळीधम्मक झालते, नखापतोर.

आबा ओट्यावर उन्हाला बसले व्हते, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांची टोपी म्हंजी आंघोळीशिवाय उतरायचीच न्हाई. आता हे सांगितलं पायजे की मी आबांशी कवा समोरासमोर बोलले न्हवते. लगीन झाल्यापास्नं न्हाई. ते समोर आले की पदर नाकापतोर, आन् काही सांगायचं झालं तर आत्याबाईंच्या मार्फत, मंग आमी तिघं एकाच ओट्यावर बसलेलो का आसंना.

मी वाकून आत चालले तवर आबा म्हनले, "नायलॉनचा वास येतोय. बाई, सूनबाईला इचार, सकाळच्या त्या स्कार्फाला पिना किती व्हत्या?"

आत्याबाईंनी इचारलं, "किती व्हत्या गं?"

"चार."

"चार म्हनतीय."

"ऐकू आलं मला," आबा म्हनले. "चार पिना! कुलूप न्हाई लावलं व्हय वरून?"

मी आत जाऊन रडले. मंग केस कापले, जिथं चिकटलं व्हतं तिथले. लेक आली आन् माझी पिवळी बोटं चोखायला लागली, खारट लागत आसतील तिला.

भिंतीवर आबांचा एक फोटू हाय. इंजनाच्या दांडीला धरून हुबे हायेत, तरने, आन् डोक्यावर काळी टोपी, पुढं छज्जा आसलेली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना माझी नजर त्याच्यावर गेली आन् मला वाटलं, हीच. इंजनापुढं चालली ती भट्टीपुढं चालंल. मी आत्याबाईंना म्हनलं, "आबांना इचारा की, ती टोपी मिळंल का."

आबा आसं हसले, आसं हसले की खोकला लागला. आत्याबाईंनी पाठ चोळली. मंग त्यांनी पलंगाखालची ट्रंक वढायला लावली. वर टोपी व्हती, फोटूतली, आन् तिच्या खाली घडी घातलेलं हे फडकं.

"बाई, सूनबाईला दाव, टोपी आतून दाव."

टोपीच्या अस्तरात एक भोक व्हतं, कडा जळलेल्या.

"वीस-बावीस वर्षं फायरमन व्हतो," आबा सांगायला लागले, आत्याबाईंकडं बगून, पन मला ऐकू यावं आसं. "रोज फडकं. किती किटाळं, ठिनग्या, पडली आसतील, एक केस जळला न्हाई. मंग डायवर झालो. डायवरला टोपी! पहिल्याच दिवशी म्हनलं, आता कशाला ते कोळसेवाल्याचं फडकं, नुसतीच टोपी घातली. शिट्टी दिली, खिडकीतून बाहेर वाकलो, रुबाबात. वारं लई. टोपी उडू नये म्हनून दोन्ही हातांनी दाबून धरली. आन् धुराड्यातलं एक किटाळ आत शिरलं."

"मंग?"

हे मी इचारलं व्हतं. डायरेक्ट. आत्याबाईंनी माझ्याकडं बगितलं.

आबांनी बगितल्यावानी केलं न्हाई. "मंग काय, आत डोकं जळतंय आन् मी टोपी दाबतोय! टोपी जाऊ नये म्हनून! माझा फायरमन बोंबलतोय, आवो सायेब, सोडा, सोडा. शेवटी त्यानं फटका मारून पाडली. पुढं रिटायर होईपतोर फडकं बांधूनच वर टोपी घातली मी. फोटूसाठी टोपी. जिवासाठी फडकं."

बाजाराला पाच दिवस व्हते. आबांनी आत्याबाईंना कळशी आनायला सांगितली, ती पालथी ठेवली ओट्यावर, आन् तिला फडकं बांधून दावायला लागले. मी दाराआड, पदराच्या फटीतून बगत व्हते. कापड सुतीच पायजे. कोरं नगं, कोऱ्याला खळ आसती, ती लवकर पेट घेती. पान्यात बुडवायचं आन् पिळायचं, आसं पिळायचं की थेंब पडला न्हाई पायजे, न्हाईतर त्याचीच वाफ होऊन भाजती. तिकोनी घडी. काठ भुवईच्या वर दोन बोटं. कान आर्धे उघडे, पार झाकायचे न्हाईत, डायवर काय म्हनतो ते ऐकू आलं पायजे. गाठ मागं, मानंच्या हाडाखाली. आन् उरलेल्या टोकाचं शेपूट मानंवर सोडायचं, किटाळ पाठीत शिरू नये म्हनून.

"आन् गाठ कसली?" आबा कळशीला इचारायचे. "सुरगाठ. एका हिसक्यात सुटली पायजे. डोक्यावर जे चढवतो ते एका हिसक्यात उतरवता आलं पायजे. चार पिना न्हाईत."

आबा ओट्यावरून उठले की मी जाऊन कळशीला बांधायचे. कळशीला मस्त जमायचं. खोलीत जाऊन माझ्या डोक्याला बांधलं की घसरायचं. दोनदा भाकरी थापताना डोळ्यावर आलं. आबा भिंतीकडं तोंड करून बसायचे आन् इचारायचे, "बाई, गाठ कुठं आलीय तिची?" आत्याबाई म्हनायच्या, "मागंच हाय की." "मागं म्हंजी कुठं? हाडावर का हाडाखाली?" "आता मला काय ठाऊक आबा, मी काय इंजन चालवलंय?" आसं तीन दिवस चाललं. आबा भिंतीशी बोलत्यात, मी दाराआड, मधी आत्याबाई बेजार.

चौथ्या दिवशी आबांनी कळशी बाजूला सरकवली.

"हिला मान न्हाई," ते म्हनले. "हिच्यावर शिकून उपेग न्हाई." आन् त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आबा!" आत्याबाई म्हनल्या. "टोपी! सून हाय ना समोर!"

"आसू दे."

मी त्यांचं डोकं कवाच बगितलं न्हवतं. दोन-चार पांढरे केस, आन् टाळूवर रुपयायेवढा डाग, गुळगुळीत, गुलाबी, लेकराच्या कातडीवानी. म्हनून टोपी उतरत न्हवती व्हय त्यांची. आख्खा गाव त्यांना इंजनवाले आबा म्हनतो, पन तो डाग गावात कुनालाच ठाऊक न्हवता.

त्यांनी फडकं वलं केलं, पिळलं, आन् हळूहळू स्वतःच्या डोक्याला बांधलं. म्हाताऱ्याची बोटं वाकडी झालेली, पन गाठीशी आली की सरळ व्हायची. तीनदा बांधलं, तीनदा हिसकून काढलं. मंग फडकं पुढं धरलं, आत्याबाईंकडं न्हाई, माझ्याकडं.

"घे. इंजनावर सासरा-सून न्हाई आसत. डायवर आन् फायरमन आसतो."

माझे पाय हालंनात. लेकीच्या चाकाच्या येळी हालले व्हते ते पाय, पन तवा हालंनात. उद्याचा दिवस सोडला की बाजार. मी आत्याबाईंकडं बगितलं. त्यांच्या कडंवर लेक व्हती. त्यांनी लेकीला खाली ठेवलं, गुडघ्याला हात लावत माझ्याजवळ आल्या आन् माझा पदर त्यांनीच मागं घेतला, खांद्यावरून कमरेला खोचला.

"डोकं झाकायचं ना?" त्या म्हनल्या. "मंग झाकलेलंच राहतंय की. कशानं झाकलं ते कोन बगतंय." आन् जराशानं, "पुन्ना पिवळी होऊन येऊ नगंस पन. माझं एक लुगडं खराब झालंय तुला पुसता पुसता."

मी बांधलं. आबांनी मागून बगितलं, हात न लावता. "खाली. आजून खाली. एक बोट आत गेलं पायजे. बस्स. आता वढ."

वढलं. सुटलं.

"पुन्ना."

त्या सांजंपतोर मी ते चाळीसदा तरी बांधलं आसंल. दुसऱ्या दिवशी आबांनी नवीनच काढलं. ज्वारीची मूठ घेऊन बसले. मी झाडायला वाकले की मागून एक दाना मानंवर, आन् वरडायचे, "किटाळ!" की मी सगळं टाकून गाठ हिसकायची. कनिक मळताना किटाळ. हंडा उचलताना किटाळ. हे बाहेरून आले तर बायको कनकीच्या हातानं डोक्याचं फडकं हिसकतीय आन् आजा टाळ्या वाजवतोय.

"काय चाललंय हे?" ह्यांनी इचारलं.

"इंजन चालू हाय," आत्याबाई म्हनल्या. "तू पाय धू."

लेकीला तो खेळ वाटला. ती बी मागून यायची, आन् दाना-बिना काही न टाकता सरळ शेपूट वढायची. फडकं तिच्या हातात. मंग पळायची.

बाजारच्या दिवशी मी भट्टीच्या दारात हुबी राहिले. पदर कमरेला, डोक्याला फडकं, वलं, पिळलेलं. काकू आल्या, मागं गेल्या, शेपूट उचलून बगितलं, वास घेतला.

"कुनी बांधलं?"

"मीच."

"शिकवलं कुनी?"

"फायरमननं."

त्यांना काही कळलं न्हाई, पन बाजूच्या भट्टीकडं बोट दावलं. "बस."

दोनपतोर मान वर करायला फुरसत न्हवती. दिवाळीचा बाजार, गिऱ्हाईक तुटून पडलेलं. फडकं वाळलं की मी वलं करायचे, पिळायचे, बांधायचे. आबा म्हनलेले, जाळ एकदम घालू नगं, थोडा थोडा, सारखा. तसा घातला. वाळू आशी तापली की हरभरं टाकलं रं टाकलं की फुटायचं. मला वाटलं, जमतंय. आन् तेच चुकलं, जमतंय वाटलं की मानूस हात सैल सोडतो. मी पऱ्हाट्यांची मोठी पेंडी आत सारली, न बगता, आन् तिच्यात बोंडं व्हती.

तडतड झालं. मानंवर कायतरी पडलं. चटका न्हाई बसला, आदी वास आला, सूत करपल्याचा.

हाताला कुनी सांगावं लागलं न्हाई. हात मागं गेला, हिसका, फडकं खाली. पायानं दाबलं. शेपटाच्या टोकाला हरभऱ्यायेवढं भोक, लाल कडा, इझल्या बी. मी तिथं हुबी, आख्ख्या बाजारात, डोकं उघडं, मागचे केस कापलेले. लग्नापास्नं बाहेर कवा उघडं न्हवतं माझं डोकं. मला लाज वाटायला पायजे व्हती. पन ती यायच्या आदी मी फडकं पान्यात बुडवलं, पिळलं, बांधलं, गाठ हाडाखाली, एक बोट आत, आन् झारा हातात घेतला.

काकू आपल्या भट्टीपुढून बगत व्हत्या. झारा आडवा धरून. मी म्हनलं, आता म्हनतील नीघ.

"बगतीस काय," त्या म्हनल्या, "हालव. करपतंय."

सांज झाली, बाजार उठला, तवा त्यांनी आपल्या डोक्याचा रुमाल सोडला आन् माझ्यापुढं धरला. "ती गाठ दाव बरं मला. हळू. म्हातारी हाय मी." मी दावली. मंग त्या म्हनल्या, "उद्या सात वाजता. लेकराला दूध पाजून ये, मधी घरी पळायचं न्हाई." जराशानं म्हनल्या, "दुपारची एकदा जा. आर्धा तास."

घरी मी पळतच गेले. आबा ओट्यावर. मी पदर घेतला न्हाई, फडकं डोक्यावर व्हतंच. त्यांच्यापुढं जाऊन मी शेपटाचं भोक दावलं.

त्यांनी बोट घालून बगितलं. "किती लागला येळ काढायला?"

"न्हाई समजलं."

"मंग बरोबर काढलंस," आबा म्हनले.

दिवाळी झाली आन् ट्रॅक्टर आला. सकाळी ह्यांना निरोप देऊन मी भट्टीवर आले, रडू आलं व्हतं, ते जाळापुढं वाळलं. दहाच्या सुमाराला रस्त्यावर ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. तो आवाज आला की आजून माझा हात थांबतो. मी मागं बगितलं न्हाई, कढईत हरभरं व्हतं.

"ओ दादा, आर्धा किलो फुटाणे द्या, गरम," मागून कुनीतरी म्हनलं.

मी वळले. हेच व्हते. मागून फडकं बगून त्यांना वाटलं, गडी बसलाय. त्यांचं तोंड बगन्यासारखं झालं. ट्रॉलीतले त्यांचे चुलतभाऊ हसून हसून वाकले. "आरं, बायको वळकू येईना का बे तुला!"

मी फुटाणे चाळले आन् त्यांच्या पंच्यात टाकले. लई गरम व्हते, त्यांनी पंचा ह्या हातातून त्या हातात केला.

"मी निघालो तवा झोपली व्हती ती," ह्यांनी सांगितलं.

"आत्याबाईंपाशी हाय. उठली आसंल आता."

"गोधडी न्हाई घेतली मी," हे म्हनले. "ती चाकाची. तिला तिथंच झोपू दे तिच्यावर. घरी."

मी मान हालवली. ट्रॅक्टर चालू झाला. हे ट्रॉलीत चढले आन् जाता जाता त्यांनी आपल्या मानंमागं हात नेऊन हिसका मारल्यावानी केलं, आबांच्या खेळातला, किटाळ म्हनून. मी बी झारा धरलेल्या हातानं तसंच केलं. काकू वरडल्या, "आगं, हालव!"

दुपारी घरी गेले तर लेक त्याच गोधडीवर बसलेली, नक्षीवर, डोक्यावर आबांची काळी टोपी, डोळ्यापतोर आलेली. मी जवळ बसले, पाजायला घेतलं. पिता पिता तिनं हात वर केला, माझं शेपूट शोधलं, आन् वढलं.